रिकाम्या दिवसांची जाहिरात : पर्यटननगरीने स्थानिक माध्यमे आणि प्रायोजकत्व कसे वापरावे

महाबळेश्वर किंवा पाचगणीला मे महिन्यात खोली मिळणे कठीण असते, वेण्णा तलावाच्या रस्त्यावर वाहनांची रांग लागलेली असते आणि पाणीपुरवठ्यावर ताण आलेला असतो. तरीही नगरपरिषदांना आणि हॉटेल संघटनांना प्रसिद्धीची आठवण होते ती बहुधा याच महिन्याच्या तोंडावर. भरलेल्या गावात आणखी माणसे बोलावण्यासाठी केलेला खर्च केवळ वाया जात नाही, तर तासन्‌तास घाटात अडकून परतलेला पर्यटक गावाविषयी जे सांगत फिरतो, त्यामुळे तो उलट अंगावर येतो. प्रसिद्धीचा पैसा गावाच्या रिकाम्या दिवसांवरच लावावा, ही या लेखाची मुख्य धारणा आहे. त्यासाठी स्थानिक माध्यमे आणि कार्यक्रमांचे प्रायोजकत्व या दोन साधनांचा उपयोग कसा करावा, हे महाबळेश्वर परिसराचे उदाहरण समोर ठेवून पुढे मांडले आहे.

पहिले काम दिनदर्शिकेचे आहे. वर्षाच्या दिनदर्शिकेवरून उन्हाळी सुट्टी, दिवाळी व तिला लागून येणारा गुजराती पर्यटकांचा हंगाम, नाताळ ते नववर्ष आणि जोडून आलेल्या सुट्ट्या खोडून टाकाव्यात. महाबळेश्वरच्या बाबतीत मग दोन मोठे कालखंड उरतात : जून ते सप्टेंबर हा पावसाळा आणि जानेवारी ते मार्च या महिन्यांतले सोमवार ते गुरुवार हे दिवस. यांपैकी दुसऱ्या कालखंडात शेतात स्ट्रॉबेरी असते, हवा उत्तम असते आणि नाव तर आधीच झालेले आहे, कारण महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. अशा दिवसांना कमी असते ती फक्त येण्याच्या निमित्ताची, आणि निमित्त निर्माण करणे हेच प्रायोजित कार्यक्रमाचे काम आहे.

इंग्लंडमधील ब्लॅकपूल या समुद्रकाठच्या गावाने हे फार पूर्वी ओळखले होते. तेथे १८७९ मध्ये किनाऱ्यावर विजेचे दिवे लावण्यात आले आणि १९१२ पासून त्या रोषणाईला आजचे रूप येत गेले. उन्हाळा सरत असताना सुरू होणाऱ्या या रोषणाईमुळे पर्यटकांचा राबता शरदातही टिकून राहतो. जुलैमध्ये किनारा आपोआप भरत असल्यामुळे रोषणाई जुलैसाठी नव्हतीच.

आपल्याकडे याच्या जवळ जाणारे उदाहरण म्हणजे साताऱ्याची हिल मॅरेथॉन. २०१२ पासून पावसाळ्याच्या उत्तरार्धात होणारी ही स्पर्धा यवतेश्वरच्या घाटातून धावते. धावणारे बाहेरगावाहून येतात, बहुधा आदल्या दिवशीच पोहोचतात, घरच्यांना सोबत आणतात आणि इतरांना जो पाऊस अडचणीचा वाटतो, त्याच पावसासाठी पैसे भरतात. याउलट राज्याच्या पर्यटन विभागाने महाबळेश्वरचा महापर्यटन उत्सव २०२५ मध्ये २ ते ४ मे या दिवसांत घेतला. उत्सवाच्या कल्पनेविषयी तक्रार नाही, परंतु तोच मांडव सप्टेंबरमध्ये उभा राहिला असता तर गावाला त्याचा अधिक उपयोग झाला असता, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

बातमी आणि जाहिरात

स्थानिक माध्यम म्हणजे आपल्या तालुक्यातले माध्यम, असा समज असतो. तो अर्धाच खरा आहे. पर्यटननगरीला दोन ठिकाणची माध्यमे लागतात. सातारा जिल्ह्यातील आवृत्त्या, आकाशवाणीचे सातारा केंद्र आणि केबल वाहिन्या या गावातल्या लोकांशी आणि शेजाऱ्यांशी बोलण्यासाठी लागतात, तर पर्यटक जेथून येतात त्या पुणे, मुंबई आणि गुजरातमधील वृत्तपत्रांच्या शहर पुरवण्या व एफएम केंद्रे प्रत्यक्ष ग्राहक आणण्यासाठी लागतात. स्ट्रॉबेरीची जाहिरात साताऱ्याच्या आवृत्तीत देऊन फारसा लाभ नसतो, कारण तो वाचक सकाळी येऊन संध्याकाळी घरी परततो. मात्र वाहतुकीत बदल, स्वयंसेवकांची भरती किंवा कार्यक्रमामुळे होणारी गैरसोय यांची माहिती त्याच आवृत्तीतून आधी गेली नाही, तर टॅक्सीचालक, घोडेवाले आणि दुकानदार कार्यक्रमाच्या विरोधात जातात, आणि गावच विरोधात असलेला महोत्सव कोणत्याही जाहिरातीने तरत नाही.

तालुक्याच्या वार्ताहराची स्थिती नगरपरिषदेने समजून घेतली पाहिजे. त्याला मिळणारे मानधन तुटपुंजे असते, अनेकदा जाहिराती मिळवण्याची जबाबदारीही त्याच्यावरच असते आणि एकाच दिवशी त्याला ग्रामसभा, अपघात व मंत्र्यांचा दौरा सांभाळायचा असतो. अशा माणसाला ‘भव्य दिव्य’ विशेषणांनी भरलेले दोन पानी प्रसिद्धिपत्रक नको असते. त्याला दुपारी तीनच्या आत, युनिकोडमध्ये टंकलेला, शे-दीडशे शब्दांचा मजकूर हवा असतो, ज्यात तारीख, वेळ, स्थळ, प्रवेशशुल्क, वाहनतळाची जागा आणि खात्रीची माहिती देणाऱ्या एका अधिकाऱ्याचे नाव असेल. सोबत दोन चांगली छायाचित्रे असावीत, आणि त्यांत दीपप्रज्वलन नसावे.

छायाचित्राचे महत्त्व महाबळेश्वरला वेगळे सांगण्याची गरज नाही. कडाक्याच्या थंडीत वेण्णा तलाव आणि लिंगमळा परिसरात दवबिंदू गोठतात, पहाटे कोणीतरी त्याचे छायाचित्र टिपतो आणि ते राज्यभरच्या वृत्तपत्रांत व वाहिन्यांवर झळकते. गावाला याचा एक रुपयाही खर्च येत नाही. अशी छायाचित्रे टिपणाऱ्या स्थानिक छायाचित्रकारांशी नगरपरिषदेने वार्षिक करार करावा, त्यांच्या नावासह छायाचित्रे वापरण्याची परवानगी घ्यावी आणि त्याच सकाळी ती सर्व वार्ताहरांना पोहोचतील अशी सोय करावी. पावसाळ्यातील धबधबे, धुके आणि ओल्या गावाच्या छायाचित्रांचा संग्रह तर वर्षभर पुरतो.

याच यंत्रणेचा खरा कस संकटात लागतो. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत दरडी कोसळून आंबेनळी घाटाचा रस्ता बंद पडला होता. अशा वेळी जुनी दृश्ये आणि अर्धवट माहिती फोनवरून फिरत राहते. कोणता रस्ता बंद आहे, कोणता सुरू आहे आणि पर्यटकांनी सध्या येऊ नये का, हे नगरपरिषदेने रोज ठरलेल्या वेळी स्पष्टपणे सांगितले, तर पुढच्या महिन्यात ‘आता या’ हे तिचे म्हणणेही लोक खरे मानतात. ‘सर्व काही सुरळीत आहे’ एवढेच नेहमी सांगणाऱ्या कार्यालयाच्या वाट्याला ही विश्वासार्हता येत नाही.

जाहिरातीविषयी थोडक्यात सांगता येईल. वर्धापनदिनाच्या पुरवणीत नगराध्यक्ष, उपनगराध्यक्ष आणि सर्व सदस्यांच्या छायाचित्रांसह ‘हार्दिक शुभेच्छा’ देणारी जाहिरात कोणत्याही पर्यटकाला गावात आणत नाही. ती केवळ संबंध राखण्याची किंमत असते आणि तिचा हिशेब प्रसिद्धीच्या खात्यात धरू नये. सरकारी पैशातील जाहिरातींत राजकीय व्यक्तींची छायाचित्रे वापरण्यावर सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये निर्बंध घातले आणि २०१६ मध्ये ते मुख्यमंत्री, राज्यपाल व संबंधित मंत्री यांच्यापुरते शिथिल केले, हेही येथे लक्षात ठेवावे. उपयोगी जाहिरातीत एकच गोष्ट सांगितलेली असते, जसे ‘मंगळवार ते गुरुवार, स्ट्रॉबेरीच्या शेतात तोडणी, मुक्कामाच्या दरात सवलत’, आणि चौकशीचा फोन उचलायला माणूस बसलेला असतो. फोन उचलणारा नेमल्याशिवाय जाहिरात देऊ नये.

पैसे देऊन बातमी छापून घेण्याच्या मोहापासून दूर राहावे. समाजमाध्यमांवरील प्रभावकांना मुक्काम, जेवण किंवा मानधन दिले असल्यास तसा ठळक उल्लेख त्यांच्या चित्रफितीत असलाच पाहिजे. जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये त्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाचे नियम २०२२ मध्ये आले. ही अट करारपत्रातच लिहून घ्यावी.

प्रायोजकत्व हा व्यवहार आहे

गावाकडे येणारी बहुतेक निवेदने ‘सहकार्य करावे’ या शब्दांनी संपतात आणि नगरपरिषदाही देणगी द्यावी तशी रक्कम देऊन मोकळ्या होतात. स्थानिक मंडळाच्या गणेशोत्सवाला मदत करणे आणि पुण्यातल्या एखाद्या धावण्याच्या किंवा सायकलच्या स्पर्धेचे प्रायोजक होणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीत गाव आपले कर्तव्य करते. दुसरीत ते काही विकत घेते. काय विकत घेतले, हे लिहून न घेतल्यास हाती येते ती फ्लेक्सच्या कोपऱ्यातली, वीस बोधचिन्हांच्या गर्दीतली एक जागा.

म्हणून आयोजकाला अर्ज करायला लावावा आणि त्यात काही प्रश्नांची उत्तरे मागावीत : मागील वेळी बाहेरगावचे किती लोक आले, ते किती रात्री राहिले, कार्यक्रम नेमक्या कोणत्या वारी आहे, आणि पाऊस किंवा परवानगी नाकारली जाणे यांसारख्या कारणांनी तो रद्द झाल्यास पैशाचे काय होणार. मुक्कामाची रात्र हे येथे सर्वांत महत्त्वाचे माप आहे. रविवारी सकाळी सुरू होऊन दुपारी संपणाऱ्या, दहा हजारांची गर्दी जमवणाऱ्या कार्यक्रमापेक्षा बुधवार-गुरुवारी तीनशे जण दोन रात्री राहतील अशी वैद्यकीय किंवा शैक्षणिक परिषद गावाला अधिक देते आणि घाटही मोकळा ठेवते. हे सांगितल्यावर सभागृहात बहुधा कुरकुर होते, कारण परिषदेच्या व्यासपीठावर सत्कार कमी होतात.

प्रायोजकत्व रोख रकमेतच असावे असे नाही, किंबहुना लहान नगरपरिषदेने ते शक्यतो वस्तूंच्या आणि सेवांच्या रूपातच द्यावे. सभागृह, मैदान, पाण्याचे टँकर, फिरती स्वच्छतागृहे, रुग्णवाहिका, वाहनतळ आणि हॉटेल संघटनेकडून सवलतीच्या खोल्या यांची किंमत आयोजकाला मोठी वाटते, तर गावाला त्यासाठी रोख कमी मोजावी लागते. रोख द्यायचीच असेल, तर ठराव व आवश्यक मान्यता झाल्यावर तीन हप्त्यांत द्यावी : काही भाग करार होताच, काही भाग कार्यक्रमाच्या आधी प्रसिद्धीचे काम झाल्याचा पुरावा पाहून आणि उरलेला भाग मैदान स्वच्छ करून परत मिळाल्यावर. करारात गावाचे नाव कार्यक्रमाच्या शीर्षकात येईल का, सहभागींच्या पिशवीत गावाची माहिती जाईल का, छायाचित्रे व चित्रफिती वापरण्याचा हक्क किती वर्षांचा असेल, आणि गावातल्या स्ट्रॉबेरी, मध, चिक्की व चप्पल विक्रेत्यांना किती स्टॉल मोफत मिळतील, हे स्पष्ट असावे.

माध्यम आणि कार्यक्रम यांची सांगड घालण्याचा एक जुना आणि चतुर नमुना अमेरिकेतल्या अटलांटिक सिटीचा आहे. उन्हाळी सुट्टी संपल्यावरही पर्यटकांनी थांबावे म्हणून तेथील व्यावसायिकांनी सप्टेंबर १९२१ मध्ये एक सौंदर्यस्पर्धा घेतली, जी पुढे मिस अमेरिका म्हणून ओळखली गेली. स्पर्धक निवडण्याचे काम त्यांनी आसपासच्या शहरांतील वृत्तपत्रांवर सोपवले. प्रत्येक वृत्तपत्राने आपल्या वाचकांतून छायाचित्रे मागवली, आपली प्रतिनिधी निवडली आणि मग ती जिंकते का हे छापणे ही त्याचीच गरज बनली. स्पर्धेचा विषय आज तसाच उचलण्याचे कारण नाही. रचना मात्र उचलण्यासारखी आहे. पुण्याच्या एखाद्या दैनिकाने शाळांमधून पावसाळी निसर्गचित्रांची स्पर्धा घ्यावी, एखाद्या एफएम केंद्राने गृहसंकुलांतून गाण्याची फेरी घ्यावी आणि अंतिम फेरी सप्टेंबरच्या मधल्या आठवड्यात महाबळेश्वरला व्हावी. प्राथमिक फेरीचा खर्च माध्यम उचलते, अंतिम फेरीचा मुक्काम गाव देते आणि स्पर्धकामागे आई-वडील येतातच.

प्रत्येक प्रसिद्धीसाठी महोत्सवच लागतो असेही नाही. पाचगणीजवळचे भिलार हे गाव मे २०१७ मध्ये ‘पुस्तकांचे गाव’ झाले. तेथे घराघरांत पुस्तके आहेत आणि ती रोज वाचायला मिळतात. अशा कायम असणाऱ्या गोष्टीकडे वार्ताहर कोणत्याही महिन्यात येऊ शकतो, मांडव घालावा लागत नाही आणि पावसाने काही बिघडत नाही. उपलब्ध निधीतला एक भाग तीन दिवसांच्या झगमगाटाऐवजी अशा ठिकाणांच्या देखभालीकडे वळवणे शहाणपणाचे ठरेल.

कार्यक्रम निवडताना परिसराची मर्यादा आधी पाहावी. महाबळेश्वर-पाचगणी हा भाग २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही आणि मध्यरात्रीपर्यंतची सूट वर्षातील मोजक्याच दिवसांना देता येते. रात्रभर चालणाऱ्या संगीत महोत्सवाचा प्रस्ताव कितीही मोठी रक्कम दाखवत असला, तरी तो येथे बसत नाही. २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या कास पठाराची कीर्ती वाढल्यावर फुले वाचवण्यासाठी रोजच्या पर्यटकांच्या संख्येवर मर्यादा आणि आगाऊ नोंदणी आणावी लागली. येथे मर्यादा नंतर आली. शहाण्या गावाने ती जाहिरातीबरोबरच जाहीर करावी, म्हणजे नोंदणी न करता आलेल्या कुटुंबाला नाक्यावरून परत पाठवण्याची वेळ येत नाही.

परिणाम मोजण्यासाठी बाहेरची संस्था नेमण्याआधी हाताशी असलेली कागदपत्रे वाचावीत. प्रवेशनाक्यावरील प्रवासी कराच्या पावत्या, नौकाविहाराची तिकिटे, एसटी आगाराचे उत्पन्न आणि हॉटेलांनी कळवलेल्या भरलेल्या खोल्या यांची त्याच आठवड्याच्या मागील वर्षाशी तुलना केली की बरेचसे चित्र कळते. वृत्तपत्रांतील कात्रणांची जाडजूड फाइल पाहायला बरी वाटते, परंतु तिच्यातून मुक्कामाची रात्र मोजता येत नाही. नाक्यावरच्या कर्मचाऱ्याने पावती फाडताना ‘कुठून आलात आणि कशामुळे आलात’ एवढे दोन प्रश्न विचारून खुणा केल्या, तर कोणते वृत्तपत्र, कोणते केंद्र आणि कोणती स्पर्धा माणसे आणते हे एका हंगामात स्पष्ट होते. मे महिन्यात मात्र हे प्रश्न विचारू नयेत. मागे वाहनांची रांग असते.