गधैया नाणी ओळखताना या चुका टाळा

गधैया म्हणजे पश्चिम भारतातलं मध्ययुगीन चांदीचं नाणं. ते पहिल्यांदा हातात आलं की बरेच जण उलटं धरतात. मीही धरलं होतं, वर दोन दिवस त्यावर गाढव शोधत बसलो. गाढव त्यावर नाहीच! विक्रमादित्याचा बाप गंधर्वसेन शापाने गाढव झाला, या लोककथेशी नाव जोडलं गेलं, एवढंच. नाण्यावर आहे तो इराणचा सासानी राजा पेरोझ (४५९ ते ४८४). मागे अग्निवेदी आणि दोन बाजूंना दोन राखणदार. हूणांनी पेरोझला हरवलं, त्याची चांदीची नाणी इकडे आली, आणि गुजरात, राजस्थान, माळव्यात शतकानुशतकं नकलेचीही नक्कल होत राहिली. वेदीच्या ज्वाळेशेजारी चंद्रकोर आणि सूर्य असतात. ते वरच्या अंगाला आले, की मागची बाजू सुलट.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे झीज आणि ठशाचा ओबडधोबडपणा यांत गल्लत करणं. चेहरा दिसत नाही, म्हणजे नाणं घासलं गेलंय, असं नसतं. झिजलेल्या नाण्यावर उंचवटे सपाट होतात, कडा गुळगुळीत लागतात. उशिराच्या गधैयावर मात्र रेघा ठसठशीत असतात, फक्त त्यांचा चेहरा होत नाही: नाक म्हणजे एक दांडी, डोळा म्हणजे एक ठिपका, वेदी म्हणजे रेघांची उतरंड. ठसा खोदणाऱ्याला आपण काय खोदतोय हे कदाचित ठाऊकही नसावं. त्यातून ठसा नाण्याच्या चकतीपेक्षा मोठा, म्हणून निम्मं चित्र काठाबाहेरच जातं.

काळ ठरवताना नुसत्या वजनावर जाऊ नका. ते बराच काळ चार ग्रॅमच्या आसपास राहतं. आकार बघा. सुरुवातीची नाणी पातळ आणि पसरट, नंतरची लहान आणि जाड.

तांबूस झाक दिसली म्हणून नाणं खोटं ठरवू नका. पुढे चांदीत तांबं वाढत गेलं. आणि चिंच, लिंबू तर लावूच नका, उरलासुरला चांदीचा थर निघून जाईल. नक्कल म्हणजे बनावटही नव्हे. ही त्या काळी बाजारात चालणारी नाणीच होती. आजची ओतीव बनावट वेगळी: काठावर जोडाची रेघ, पृष्ठभागावर हवेच्या बुडबुड्यांचे बारीक खळगे. भिंगातून आधी काठ बघावा.

अक्षरं दिसली तर ती ओरखडे समजून सोडू नका. उत्तर कोकणच्या शिलाहार छित्तराजाचं नाव असलेली गधैया घडणीची नाणी आहेत. प्रतिहार घराण्यातल्या राजा भोजाच्या ‘श्रीमदादिवराह’ द्रम्मावर, म्हणजे चांदीच्या नाण्यावर, एका बाजूला वराह, दुसरीकडे लेख, आणि लेखाखाली त्याच वेदीचे अवशेष. मी ते बरेच दिवस नुसती नक्षी समजत होतो.

नाणी शेतात नांगरताना सापडली असतील, तर आधी जिल्हाधिकारी कार्यालयाला कळवावं लागतं. १८७८ चा निखात निधीचा, म्हणजे जमिनीत पुरलेल्या धनाचा, कायदा अजून लागू आहे, आणि दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं की तो लागतो.