कॅबोशनला चमक येत नाही? दगड घासायला बसण्याआधी या चुका टाळा

नव्याने कॅबोशन, म्हणजे पैलू नसलेला घुमटदार खडा, घासू लागलेल्या माणसाची तक्रार बहुतेक वेळा एकच असते: दगडाला पॉलिश चढत नाही. ओला असताना झळाळतो, पुसला की मलूल. मग पावडर बदलून बघायची, फेल्ट (पॉलिशसाठीची दाबलेल्या लोकरीची चकती) बदलून बघायचं, तासभर नेटाने घासत बसायचं. त्यातून फारसं काही निघत नाही, कारण पॉलिशच्या वेळी दिसणारा दोष जवळजवळ नेहमी आधीच्या कुठल्या तरी पायरीवर झालेला असतो. म्हणून इथे क्रम उलटा धरला आहे. शेवटी जे बिघडलेलं दिसतं, तिथून मागे मागे जायचं.

बडोद्यात हा नाद लागायला निमित्त शोधावं लागत नाही. अकीक घासणारं खंभात गाडीने दीड-दोन तासांवर आहे, अकिकाच्या खाणींचं रतनपूर भरूच जिल्ह्यात आहे, आणि चाणोदला गेलेला माणूस नर्मदेच्या पात्रातला एखादा रंगीत गोटा खिशात घालून आणतोच. त्या गोट्यातून पाठ सपाट आणि वरून घुमटदार असा खडा काढायचा, अंगठीत किंवा पेंडंटमध्ये बसेल असा. त्याला पैलू नसतात, म्हणून तो सोपा वाटतो. पण पैलू नसले तरी वळण आहे, आणि वळणावर चूक लपत नाही.

कोरडा घासू नका

ही चूक उलट्या क्रमात बसत नाही, तरी आधी सांगतो, कारण बाकीच्या चुकांना दगड पुन्हा घासण्याचा उपाय आहे आणि हिला नाही. अकीक, जॅस्पर, टायगर आय ही सगळी सिलिका. तिची बारीक धूळ फुप्फुसात बसली की सिलिकोसिस होतो, तो बरा होत नाही, आणि त्याच्या जोडीला क्षयाचा धोकाही वाढतो. खंभातमध्ये घराघरांतून चालणाऱ्या या धंद्यात किती कारागिरांना तो जडला, यावर अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने बरंच काम केलं आहे. जिथे पिढ्यान्‌पिढ्यांचं कसब आहे तिथे हे घडलं, तर आपण रविवारच्या हौसेपायी कोरडं चाक फिरवण्यात काय शहाणपण?

चाकावर, करवतीवर, कागदावर, सगळीकडे पाणी हवं. पाणी असलं तरी तुषारांतून बारीक कण उडतात, म्हणून एन-९५ मास्क लावा. तोंडाला रुमाल बांधून काही होत नाही. चष्माही घाला. काम संपल्यावर टेबल आणि फरशी ओल्या फडक्याने पुसा, झाडू मारू नका. वाळलेला गाळ म्हणजे पुन्हा तीच धूळ. एप्रन घरच्या कपड्यांत धुवायला टाकू नका. आणि गाळाचं पाणी मोरीत ओतू नका. बादलीत रात्रभर ठेवा, वरचं निवळ पाणी ओता, खालचा थर ओला असतानाच पिशवीत बांधून टाका. मोरी तुंबल्यावर घरात जे ऐकून घ्यावं लागतं, त्याने छंद आपोआप सुटतो.

ओल्या हातांजवळ विजेची मोटर फिरते आहे हेही विसरायचं नाही. अर्थिंग तपासून घ्या आणि त्या प्लगला आरसीसीबी (वीज गळताच ती तोडणारा स्विच) बसवा. हातातल्या विजेच्या मिनी ड्रिलने पाण्याच्या ताटलीत दगड धरून घासणारे लोक आहेत. त्यांचं अनुकरण करायचंच असेल तर लवचिक शाफ्ट लावून मोटर लांब टांगा.

पॉलिश चढत नाही: पावडर चुकली, की त्याआधीचंच काही?

पावडरचं आधी उरकू. अकिकासाठी सिरियम ऑक्साईड घ्या. ती काचेलाही चालते, त्यामुळे काचकाम करणाऱ्यांकडे विचारून बघा. संगमरवराचं सामान विकणाऱ्या दुकानात नुसतं ‘पॉलिश पावडर द्या’ म्हणालात तर ऑक्झॅलिक ॲसिड हातात पडण्याची शक्यता आहे. फरशीवाले ते वापरतात, कारण संगमरवर चुन्याचा दगड आहे आणि त्याच्या पृष्ठभागावर ॲसिडचा परिणाम होतो. अकिकावर त्याचा उपयोग नाही, आणि ते विषारीही आहे.

दुसरी चूक पाण्याची. फेल्ट चिंब असेल तर दगड नुसता घसरत राहतो. ओलसर ठेवा. ते वाळत आलं की दगडाला हलकी ओढ लागते, आणि चमक त्याच क्षणी येते. मात्र त्याच क्षणी दगड तापतोही. गालाला लावून सोसवत नसेल तर थांबा, नाहीतर तडा जाईल किंवा दगड चिकटवून धरायच्या काठीवरची लाख मऊ पडेल.

बोअरचं पाणी जड असेल तर वाळताना दगडावर पांढुरकी साय धरते आणि ती न घासलेल्या रेघांसारखी दिसते. शंका आली तर शेवटचं धुणं पिण्याच्या आरओ फिल्टरच्या पाण्याने करा.

एवढं सगळं बरोबर असूनही चमक येत नसेल, तर पावडरला दोष देऊ नका. मागे चला.

रेघा: खरा घोळ इथे आहे

कॅबोशनचं सगळं गणित एका वाक्याचं आहे. मोठ्या दाण्याने पडलेली रेघ पुढचा दाणा मिटवतो आणि स्वतःची बारीक रेघ पाडतो. ८० नंबर डायमंडचा दाणा साधारण १८० ते २०० मायक्रॉनचा असतो, ३०००चा पाच-सहा मायक्रॉनच्या आसपास, १४०००चा सुमारे एक. ८० नंबरची खोल चर ३०००ने मिटवायची म्हणजे चमच्याने विहीर उपसणं. म्हणून नंबर गाळायचे नाहीत: ८०, २२०, ६००, १२००, ३०००, आणि मग पॉलिश. मध्ये २८० किंवा ४०० मिळालं तर घ्या, पण २२० आणि ६०० सोडून चालणार नाही.

नंबर गाळण्यापेक्षा जास्त वेळा घडणारी चूक वेगळी आहे. नंबर पाळले जातात, पण प्रत्येकावर ‘झालं बहुतेक’ म्हणून पुढे जायचं. झालं की नाही हे ओल्या दगडावर कळतच नाही. पाणी रेघांमध्ये भरतं आणि प्रकाश सपाट पृष्ठभागावरून यावा तसा परततो. दगड पूर्ण पुसा, एक मिनिट वाळू द्या, ट्यूबलाइटखाली तिरपा धरा आणि घड्याळजीच्या दहापट भिंगातून बघा. घासायचं ओलं आणि बघायचं कोरडं. २२०चं काम संपलं असेल तर सगळ्या रेघा सारख्या खोलीच्या दिसतात. त्यांच्यात एखादी लांब, पांढरी, एकटी रेघ दिसली तर ती ८०ची आहे. तिच्यासाठी परत मागे जावं लागतं. कंटाळवाणं आहे, पण पुढच्या कुठल्याही नंबरवर ती आपण होऊन जात नाही.

दोन युक्त्या उपयोगी पडतात. प्रत्येक नंबरला घासण्याची दिशा बदला, म्हणजे जुन्या रेघा नव्यांना आडव्या दिसून उठून येतात. दुसरी, नंबर बदलण्यापूर्वी कोरड्या घुमटावर मार्करने जाळी काढा आणि नवा नंबर चालवा. जिथे शाई उरली तिथे चाक पोचलेलंच नाही. शाई वारंवार एकाच जागी उरत असेल तर तुमच्या मनगटाला सवय लागली आहे. बहुतेकांची ती जागा घुमटाच्या माथ्यावर आणि कडेच्या अगदी जवळ असते.

कधी कधी सगळं नीट करूनही १२००वर अचानक एक खोल ओरखडा उमटतो. तो जुना नसतो. ८०चा एखादा दाणा नखात, काठीच्या लाखेत किंवा त्याच त्या बादलीतल्या पाण्यात लपून आलेला असतो. प्रत्येक नंबरनंतर दगड, काठी आणि हात जुन्या टूथब्रशने घासून धुवा, पाणी बदला, आणि पॅड आपापल्या झाकणाच्या डब्यात ठेवा. एका फेल्टवर दोन पावडरी कधीच नाहीत. पावसाळ्यात ओलं फेल्ट डब्यात बंद करू नका, बुरशी धरते.

यंत्र साधं असलं तरी चालतं, पण लोखंडाला धार लावायच्या करड्या चाकावर अकीक घासू नका. दगडाला सिलिकॉन कार्बाइड किंवा डायमंड हवा. बाजारातला साधा बेंच ग्राइंडर मिनिटाला २८०० फेऱ्यांचा असतो, आणि त्या वेगाने पाणी भिंतीवर आणि अंगावर जातं. सहा इंची चाकाला १४४० फेऱ्यांची मोटर पुरते. सिलिकॉन कार्बाइडचं चाक पाणी शोषतं. थांबलेल्या चाकावर पाणी ठिबकत राहिलं तर ते एका बाजूला जड होतं आणि पुढच्या वेळी सुरू करताना फुटू शकतं. म्हणून आधी पाणी बंद करायचं, चाक थोडा वेळ मोकळं फिरू द्यायचं, मग मोटर बंद.

घुमटावर सपाट ठिगळं

ट्यूबलाइटचं प्रतिबिंब घुमटावरून फिरवून बघा. ते न तुटता सरकलं तर वळण बरोबर. मध्येच अडकलं, मोडलं किंवा एकदम रुंद झालं, तर तिथे सपाट ठिगळ आहे. कारण एकच: दगड चाकावर थांबला. मनगट सतत फिरत राहायला हवं, दाब हलका हवा. घुमट एका दमात काढायचा नसतो. आधी कडेने ४५ अंशांचा उतार, मग त्या उताराच्या वरची धार मोडायची, मग तिथे तयार झालेल्या नव्या धारा. धारा मोडत मोडत गोलाई येते. हे सगळं ८० आणि २२०वर पुरं करा. ६००वर आकार सुधारू बघणारा माणूस संध्याकाळपर्यंत तिथेच असतो.

सगळीकडे वळण नीट आहे पण पृष्ठभाग खडबडीत दिसतो, काही भाग खचलेले, हा वेगळा प्रकार. दगडातच मऊ आणि कठीण खनिजं मिसळलेली असतात आणि मऊ भाग आधी झिजतो. लाजवर्दमध्ये (लॅपिस लाझुली) हे हमखास. मऊ फेल्टवर जास्त घासलं की ते वाढतं, म्हणून असा दगड ताज्या डायमंड पट्ट्यांवर घ्या आणि पॉलिश चामड्यावर करा.

दगड काठीवरून सुटतो

लाख गरम आणि दगड थंड, म्हणून सुटतो. थंड दगडाला चपडा नुसता वरवर चिकटतो. दगड आधी साबणाने धुवून करवतीचं तेल काढा, मग हळूहळू कोमट करा. बडोद्याच्या मे महिन्यात गच्चीवर तासभर ठेवला तर निम्मं काम उन्हानेच होतं. मेणबत्तीने काजळी धरते, स्पिरिटचा दिवा बरा. ओपल आणि ऑब्सिडियन यांना आच लावू नका, ते तडकतात. त्यांच्यासाठी सुपरग्लू वापरा आणि शेवटी ॲसिटोनने सोडवा. लाखेवरचा अकीक काढायचा असेल तर काठीसकट फ्रीझरमध्ये वीसेक मिनिटं ठेवा, बोटाने ढकलला की सुटतो.

कड तुटते, माप चुकतं

पेन्सिलची खूण पहिल्याच पाण्यात जाते. वायरमनकडून ॲल्युमिनियमच्या तारेचा तुकडा मागून घ्या, टोक करा आणि त्याने आखा. करवतीने रेषेबाहेर एक-दोन मिलिमीटर सोडा, ८० नंबरवर रेषेला पोचण्याआधीच, थोडं बाहेर थांबा. २२० आणि ६०० उरलेलं खातात. तळाशी साधारण एक मिलिमीटरची उभी कड ठेवा, ती गेली की खड्याभोवती दाबायच्या सोनाराच्या पट्टीला पकड मिळत नाही. पाठीच्या कडेलाही अर्धा मिलिमीटर उतार द्या. तीक्ष्ण कड पट्टी दाबताना टवका उडवते, आणि मग सोनार म्हणतो दगड कच्चा होता.

आणि दगडच चुकीचा निवडला तर

चाणोदचा गोटा ओला असताना सुंदर दिसतो हे खरं, पण त्यात जॅस्परपासून साध्या काळ्या खडकापर्यंत काहीही असू शकतं. पोलादी चाकूच्या टोकाने घासून बघा. दगडावर चर पडली तर तो मऊ आहे, चाकूचीच रेघ उमटली तर घ्या. अकिकाची कठीणता मोह्सच्या एक ते दहाच्या मापावर साडेसहा ते सात, चाकू त्याच्या खाली. मॅलकाइट साडेतीन-चार, शिवाय त्याच्या धुळीत तांबं असतं. पहिल्या वर्षात त्याला हात लावू नका.

तडे शोधायला दगड भिजवून पुसा आणि वाळताना बघत राहा. तड्याची रेघ सगळ्यांत शेवटी वाळते. असा तडा घुमटाच्या मध्यातून जात असेल तर तिथून कापून दोन लहान खडे काढा. ‘जाईल बहुधा’ म्हणून घासलेला दगड पॉलिशच्या वेळीच फुटतो.

रंग उडाल्याची तक्रारही येते. बाजारातला गडद निळा, गुलाबी किंवा पोपटी अकीक बहुतेक रंगवलेला असतो. रंग आत नीट मुरलेला नसेल तर घुमट काढताना खालून करडा दगड निघतो. रतनपूरच्या लाल अकिकाचं तसं नाही. त्यातलं लोह आधी पिवळट-तपकिरी असतं, खंभातचे कारागीर तो उन्हात वाळवून मग मडक्यात तापवतात आणि रंग लालवर येतो. तो घासून जात नाही.

पहिल्यासाठी चाळीस बाय तीस मिलिमीटरचा अंडाकृती घ्या, पाच-सहा मिलिमीटर जाडीचा, फिकट एकरंगी अकिकाचा. हातात धरायला मोठा, चूक सुधारायला जागा. काळा नको, त्यावर १४०००ची रेघही दिसते आणि हिंमत खचते. पट्ट्यापट्ट्यांचा देखणा तुकडा मिळाला असेल तर तोही तूर्त कपाटात. पट्ट्यांच्या गर्दीत २२०च्या रेघा लपून राहतात आणि खडा सोनाराकडून बसून आल्यावर दिसतात.