जुनं विटांचं इटालियनेट घर कसं वाचायचं

अमेरिकेत ओहायो, इलिनॉय वगैरे भागातल्या जुन्या गावांत लाल विटांची उंच दुमजली घरं दिसतात बघा, छप्पर एवढ्या कमी उताराचं की खालून दिसतच नाही, वळचण हातभर बाहेर आलेली आणि तिच्याखाली कोरीव लाकडी ब्रॅकेटांची रांग. हीच इटालियनेट घरं, साधारण १८४० ते १८८५ मधली. नाव इटलीचं असलं तरी ही फॅशन आली इंग्लंडमार्गे, आणि अमेरिकेत ती पसरली अँड्र्यू जॅक्सन डाउनिंगच्या १८४२ आणि १८५० च्या घरांच्या नकाशांच्या पुस्तकांमुळे, म्हणजे गावातला सुतार चित्र बघून घर बांधायचा आणि इटली कुणी पाहिलेली नसायची. नमुना बघायचा असेल तर इलिनॉयमधल्या गलिना गावाला जा, १८६० चं विटांचं घर आहे, १८६५ मध्ये गावकऱ्यांनी ते जनरल ग्रँटना (पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झाले ते) भेट दिलं.

आता तुमच्या घराकडे. पहिलं म्हणजे कागदावरच्या सालावर भरवसा ठेवू नका. आमच्या घराला १९०० लावलेलं होतं. नक्की साल माहीत नसलं की सरळ १९०० टाकून मोकळं व्हायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे.

रस्त्यापलीकडे उभं राहून आधी खिडक्या बघा. उंच, अरुंद, वर कमान, आणि कमानीवर दगडाची किंवा ओतीव लोखंडाची भुवई. प्रत्येक झडपेत दोनच मोठ्या काचा असतील तर बरं चिन्ह, पण झडपा नंतर बदललेल्या असू शकतात, म्हणून त्यावरून निकाल देऊ नका.

मग भिंतीजवळ जा, आणि समोरच्या नाही, बाजूच्या. समोर मिरवायला चांगली गुळगुळीत वीट लावायचे, खरं काय ते बाजूला कळतं. थर मोजा. पाच-सहा थर लांब बाजूने लावलेले आणि मग एक थर नुसती टोकं दिसणारा, असं असेल तर भिंत पूर्ण विटांची, दोन-तीन विटा जाड, टोकवाल्या विटा आतला आणि बाहेरचा थर बांधून ठेवतात. समोर तसा थर दिसला नाही म्हणून घाबरू नका.

विटांमधल्या दरजा किल्लीने हलकेच खरवडा. भुसभुशीत पांढरट पडलं तर चुना, किल्लीच घासली गेली तर सिमेंट, आणि सिमेंट असेल तर ते नंतर कुणीतरी भरलंय, कारण अमेरिकेत पोर्टलंड सिमेंट बनायला लागलं तेच १८७१ च्या सुमारास आणि सर्रास वापरात यायला आणखी बरीच वर्षं गेली. आमच्याकडे आधीच्या मालकाने गवंड्याकडून एक भिंत सिमेंटने 'पक्की' करून घेतली होती, दोन हिवाळ्यांत विटांचे पापुद्रे सुटून अंगणात लाल भुगा. जुनी वीट मऊ असते, भिंतीतलं पाणी चुन्याच्या दरजांतून बाहेर पडायचं, सिमेंटने तो रस्ता बंद झाला की ते विटेतून जातं, तिथेच गोठतं आणि विटेचं तोंड उडवतं. म्हणून परत भरताना चुनाच, आणि सँडब्लास्टिंग (जोरात वाळू मारून भिंत साफ करणं) कितीही स्वस्तात होत असलं तरी नाही म्हणजे नाही, भट्टीत तयार झालेली कडक साल त्याने निघून जाते.

तळघरात टॉर्च घेऊन खिळे बघा. चौकोनी चपटे कापीव खिळे म्हणजे बहुतेक १८९० च्या आधीचं काम, गोल तारेचे खिळे त्यानंतर सगळीकडे झाले.

एवढं झालं की कागद. काउंटीच्या (म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या) नोंदणी ऑफिसात तुमच्या खरेदीखतापासून उलटं मागे जात रहा, विकणारा कोण, त्याने कुणाकडून घेतलं. खत जमिनीचं असतं, घराचं साल त्यात बहुधा नसतंच. त्यासाठी जुन्या टॅक्सच्या वह्या, ज्या वर्षी त्याच प्लॉटची किंमत एकदम उडी मारते त्याच्या आसपास घर झालं. कोण राहायचं ते जनगणनेत सापडतं (१९५० पर्यंतची खुली आहे), फक्त १८९० ची जवळजवळ सगळी गेली, १९२१ च्या आगीनंतर, त्यामुळे १८८० ते १९०० ची पोकळी सिटी डिरेक्टरीतून (गावातल्या रहिवाशांच्या नाव-पत्त्यांची छापील यादी) भरायची.

मला सगळ्यात मजा आली ती सॅनबॉर्न कंपनीच्या फायर इन्शुरन्स नकाशांत, म्हणजे आगीच्या विम्यासाठी काढलेल्या, एकेक इमारत दाखवणाऱ्या नकाशांत. कंपनी १८६७ ची, लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर हजारो नकाशे फुकट आहेत, त्यांत विटांचं घर गुलाबी रंगवलेलं, लाकडाचं पिवळं. आमच्या मागच्या भिंतीत वरपासून खालपर्यंत एक सरळ उभी सांध आहे, विटा एकमेकीत गुंतलेल्याच नाहीत, मला वाटायचं तडा गेलाय. दोन वेगवेगळ्या वर्षांचे नकाशे शेजारी उघडले तर जुन्यात मागची बाजू पिवळी, नव्यात गुलाबी. लाकडी स्वयंपाकघर पाडून तिथे विटांचं बांधलं होतं.