फोटोत छान दिसणारा रॅक आणि केबल्स बांधताना होणाऱ्या चुका

होम सर्व्हरचा रॅक, म्हणजे घरचे सर्व्हर आणि नेटवर्कची यंत्रं बसवायचा सांगाडा, नवा असला की केबल्स ताणून, झिप टायने करकचून आवळायचा मोह होतोच. मीही आवळल्या होत्या. पुढे एकदा डिस्क बदलायला सर्व्हर रेल्सवरून, म्हणजे खणासारख्या सरकत्या पट्ट्यांवरून, पुढे ओढला आणि मागची पॉवर केबल फटकन निघाली. डिस्क राहिली बाजूला, रात्र फाइलसिस्टिम तपासण्यात गेली.

तेव्हापासून रेल्सवरच्या प्रत्येक यंत्राला मी ढील ठेवतो. सर्व्हर पूर्ण बाहेर आला तरी एकही केबल ताणली जाता कामा नये. बांधायच्या आधीच तो एकदा ओढून बघा. पण ढील म्हणजे मागे टांगलेला गुंताळा नव्हे. स्विच (यंत्रं नेटवर्कला जोडणारा डबा) आणि पॅच पॅनेल (घरभरच्या केबल्स जिथे येऊन संपतात ती पोर्टांची पट्टी) एकाखाली एक असतील तर मधल्या जोडणीला वीतभर केबल पुरते. तिथे दोन मीटरची लावली की उरलेली वेटोळी पंख्यांसमोर येतात.

झिप टाय पॉवर केबल्सना चालेल, नेटवर्कच्या केबल्सना वेल्क्रोच लावा. कॅट ६ या नेहमीच्या नेटवर्क केबलमध्ये तारांच्या चार जोड्या ठरावीक पिळाने गुंफलेल्या असतात. टाय आवळला की ती रचना दबते. शिवाय दर महिन्याला काहीतरी बदलणाऱ्या माणसाने दर वेळी टाय कापत बसायचं, आणि एक दिवस टायसोबत केबलही! वळणाचंही तसंच. केबलच्या जाडीच्या चौपट त्रिज्या ठेवायची, म्हणजे कॅट ६ ला साधारण इंचभर. फायबरला दहापट धरा.

आता सगळ्यात फसवी तक्रार. नेट चालतंय, लिंकचा दिवा लागलाय, पण फाइल कॉपीचा वेग सेकंदाला ११-१२ मेगाबाइटच्या वर जात नाही. लोक डिस्क बदलतात, सांबाची (फाइल शेअर करणाऱ्या सॉफ्टवेअरची) सेटिंग्ज चाळतात. आधी ईथटूल या लिनक्सवरच्या कमांडने लिंकचा वेग बघा. तो १०० मेगाबिट दिसला तर केबलवर संशय घ्या. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच पुरतात; त्यामुळे उरलेल्या दोनपैकी एखादी जोडी तुटली तरी लिंक बहुतेकदा निमूटपणे खालच्या वेगावर चालत राहते. केबल बदला, मग पोर्ट बदला, दोन्ही एकदम नको. घरी क्रिम्प केलेला (पकडीने दाबून बसवलेला) प्लग असेल तर तो कापून नवा लावा, आणि जोड्यांचा पीळ टोकाशी १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडू नका. वेग बरोबर आहे पण सीआरसी एरर (वाटेत बिघडलेल्या डेटाची मोजणी) वाढतायत, तरी पहिला संशयित केबलच.

स्वस्त केबल घेताना तार किंचित खरवडून बघा. आत चंदेरी दिसली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. त्याचा रोध जास्त, म्हणून पीओईवर (नेटवर्क केबलमधूनच वीज देऊन) कॅमेरे चालवायला ती वापरूच नये.

पॉवर एका बाजूने, डेटा दुसऱ्या बाजूने न्या. घरच्या रॅकमध्ये पॉवरच्या वायरींमुळे डेटाच्या सिग्नलमध्ये होणाऱ्या हस्तक्षेपाची भीती जरा जास्तच दाखवली जाते. खरा फायदा हा की अंधारात हात घातला तर चुकीची वायर ओढली जात नाही. दोन पॉवर सप्लाय असलेल्या सर्व्हरचे दोन्ही प्लग एकाच पट्टीत मात्र खुपसू नका. पट्टी गेली की दोन्ही गेले.

लेबल दोन्ही टोकांना, प्लगपासून दोन बोटं सोडून. त्यावर यंत्राचं नाव न लिहिता नुसता क्रमांक लिहा. यंत्रं बदलतात, क्रमांकांची यादी बदलणं सोपं. लेबल नसलं तर काय होतं? लोंबणारं टोक दिसतं, आपण ते स्विचच्या रिकाम्या पोर्टात लावतो, आणि त्याचं दुसरं टोक आधीच त्याच स्विचमध्ये असतं. साध्या, अनमॅनेज्ड (सेटिंग्ज नसलेल्या) स्विचवर लूप तयार होतो, म्हणजे तोच डेटा गोल गोल फिरत राहतो, सगळे दिवे एकसाथ वेड्यासारखे लुकलुकायला लागतात आणि घरभरचं नेटवर्क बसतं. असं झालं तर राउटर रीस्टार्ट करत बसू नका, शेवटची लावलेली केबल काढा. ती कुठली हे आठवत नसेल तर एकेक उपटत जा. दिवे शांत झाले की सापडली.