फ्लश कमी वेळा करावा, पण दर्प येऊ देऊ नये

शहरी घरासाठी माणशी रोज १३५ लिटर पाणी लागते असा हिशेब आपल्याकडे मांडला जातो, आणि त्यातले ४५ लिटर एकट्या फ्लशचे असतात. फेब्रुवारी २०१८ मध्ये दुष्काळाने गांजलेल्या केपटाऊन शहराने सगळ्या कामांसाठी मिळून माणशी ५० लिटरची मर्यादा घातली, तेव्हा लघवीनंतरचा फ्लश हा काटकसरीचा पहिला मुद्दा ठरला, यात नवल नाही.

सुरुवात टाकीपासून करावी. टाकीत थोडी नीळ टाकून अर्धा तास कोणीही फ्लश करू नये; भांड्यात निळसर पाणी उतरले, तर आधी वॉशर बदलून घ्यावा. टाकीत वीट ठेवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, तो मुळीच ऐकू नये. विटेचा चुरा झडपेत अडकतो आणि टाकी रात्रंदिवस वाहू लागते.

नियम एवढाच: शौचानंतर दर वेळी पूर्ण फ्लश, लघवीनंतर नाही. पाहुण्यांवर तो लादू नये.

खरी कसोटी यापुढे आहे, आणि मला सर्वांत जास्त छळले ते याच टप्प्याने. ताज्या लघवीला फारसा वास नसतो. भांड्यातले जिवाणू तिच्यातील युरियाचा अमोनिया करतात तेव्हा नाकात जाणारा उग्र दर्प सुटतो, आणि त्याच अमोनियामुळे पाण्यातील कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार भांड्याला धरतात. बोअरचे जड पाणी असेल (टँकरच्या दिवसांत बहुधा तेच नशिबी येते), तर पाण्याच्या रेषेवर हा पिवळसर, हाताला खरखरीत लागणारा थर फार लवकर जमतो. एकदा तो जमला की त्यातच जिवाणू ठाण मांडतात, आणि मग दहा वेळा फ्लश केला तरी दर्प हटत नाही. लोक इथेच कंटाळून हा नाद सोडतात, किंवा सुगंधी वड्या टांगतात. त्या वड्यांचा उपयोग शून्य. अमोनिया आणि मोगरा यांचा मिळून येणारा वास तर त्याहून असह्य असतो.

म्हणून थर जमूच देऊ नये. तीन-चार वापरांनंतर किंवा काही तासांनी, यांपैकी जे आधी होईल तेव्हा, फ्लश करावा. निजण्यापूर्वीचा फ्लश मात्र कधीही चुकवू नये, कारण लघवी सर्वाधिक वेळ साचते ती रात्री. प्रत्येक वापरानंतर मगभर पाणी भांड्याच्या कडेने फिरवून सोडावे आणि झाकण लावावे. रोज ब्रश मारावा, आणि आठवड्यातून एकदा निजताना दोन चमचे लिंबूसत्त्व भांड्यात टाकून सकाळी घासावे. उकिडवे बसायच्या भारतीय पद्धतीच्या संडासात पाणी कमी साचते. तेथे दोन मग पाणी टाकले की काम होते.

एक गोष्ट बजावून सांगतो. साचलेल्या लघवीवर ब्लिचिंग पावडर कधीही टाकू नये. डोळे आणि घसा जाळणारा विषारी वायू तयार होतो. ॲसिडयुक्त क्लीनर आणि ब्लिचिंग पावडर एकत्र आल्यास क्लोरीन वायू सुटतो, आणि खिडकी बंद असलेल्या लहानशा संडासात तो जिवावर बेतू शकतो. आधी फ्लश, मग सफाई, आणि एका वेळी एकच औषध.

शौचानंतर फ्लशऐवजी बादली वापरायची असेल, तर कपडे विसळलेले शेवटचे पाणी घ्यावे, मात्र ते त्याच दिवशी संपवावे, कारण शिळे झाले की तेही घाण मारते. मगाने थोडे थोडे ओतल्यास पाणी नुसतेच झिरपून जाते आणि मैला जागचा हलत नाही, म्हणून अर्धी बादली भोकाच्या रोखाने एका दमात रिकामी करावी. हे पाणी फ्लशच्या टाकीत भरण्याची हौस करू नये. कपड्यांचे तंतू आणि साबणाचा चिकटा झडपेत बसतो, आणि प्लंबरला बोलवावे लागते.