रॅम्पसाठी आधी ग्रामपंचायतीत अर्ज करा

घरात व्हीलचेअरसाठी बदल करायचे असतील तर आधी ग्रामपंचायत गाठा. स्वउत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करणं तिला बंधनकारक आहे. ही मेहरबानी नव्हे. कोल्हापूर जिल्ह्यात करवीर तालुका असो की चंदगड, नियम तोच. कोल्हापूर शहरात अर्ज महापालिकेकडे. यूडीआयडी कार्डावर (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) किमान ४० टक्के दिव्यांगत्व हवं. त्याची तपासणी कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात होते.

अर्जात ‘आर्थिक मदत मिळावी’ असं मोघम लिहू नका. मापं लिहा: पायरी ६ इंच उंच, म्हणून रॅम्प ६ फूट लांब (१ ला १२ चढ, म्हणजे १ इंच उंचीला १२ इंच लांबी), संडासात धरायला दांडी, दार ३ फुटी. गवंड्याकडून खर्चाचा अंदाज आणि जागेचा फोटो जोडा. शिक्क्यासह पोच घ्याच. मंजुरीआधी काम काढू नका.