गराज सेलला क्राफ्टचं जुनं सामान काढताय? मग भाव असे लावा

अमेरिकेत उन्हाळा लागला की शनिवारी सकाळी गल्लोगल्ली गराज सेलच्या, म्हणजे घरचं जुनं सामान दारातच विकायच्या, पाट्या दिसायला लागतात, आणि मग कोणीतरी विचारतंच, अगं माझ्याकडे क्राफ्टचं ढीगभर सामान पडलंय, ते कितीला लावू? कपडे, खेळणी, भांडी यांचा अंदाज सगळ्यांना असतो. क्राफ्टचं तसं नाही, निम्मं सामान अर्धवट वापरलेलं असतं आणि उरलेल्यावर दुकानातलं स्टिकर तसंच असतं, ते बघून आपला जीव अडकतो की अरे हे तर १२ डॉलरला घेतलेलं.

तर ते स्टिकर विसरा. क्राफ्टच्या दुकानांत मायकल्सचं कूपन नाहीतर हॉबी लॉबीचा सेल, काही ना काही चालूच असतं, त्यामुळे १० डॉलरची वस्तू नवीकोरी ६-७ ला मिळते आणि ती परतही करता येते. तुमच्या टेबलासमोर उभी राहिलेली बाई मनात त्या ६ शीच तुलना करत असते. मी साधारण असं धरते: सीलबंद वस्तू त्या ६ च्या निम्म्याला, म्हणजे ३ ला लावायची आणि २ ला द्यायची तयारी ठेवायची, आणि उघडलेली पण चांगली वस्तू १ ते दीडला. घाई असेल, घर हलवत असाल तर याच्याही खाली.

पण टक्केवारीपेक्षा जास्त फरक पडतो तो तुम्ही एक नग कशाला म्हणता त्याने. समजा अ‍ॅक्रिलिक रंगाच्या २ औंसवाल्या २०-२५ छोट्या बाटल्या आहेत. प्रत्येकीवर २५ सेंटचा स्टिकर लावून ठेवल्या तर लोक येतात, हलवून बघतात, दोन उचलतात, ५० सेंट देतात आणि जातात, राहिलेल्या संध्याकाळी तुमच्या गळ्यात. त्याच बाटल्यांतल्या चांगल्या १२ निवडून बुटाच्या खोक्यात उभ्या लावल्या, सोबत दोन ब्रश ठेवले आणि वर ४ डॉलर लिहिलं की शाळेतल्या मुलांची आई खोकंच उचलते, कारण तिला दिसतं की घरी नेलं की आज दुपारीच पोरं बसतील. गिऱ्हाईकाला दोन-तीन सेकंदांत कळलं पाहिजे की हे काय आहे, किती आहे आणि यातून काही होईल का. ते कळायला वेळ लागला की कितीही स्वस्त असू दे, पुढे निघून जातात.

रंगांवरून आठवलं, ते कुठे ठेवले होते ते आधी बघा. न्यू जर्सी, शिकागो, मिनेसोटा असल्या थंडीच्या ठिकाणी बिनहीटरच्या गराजमध्ये हिवाळा काढलेले अ‍ॅक्रिलिक रंग, मॉड पॉज नावाचा क्राफ्टचा ग्लू, पांढरा फेविकॉलसारखा ग्लू हे गोठून परत वितळलेले असतात, मग ते फाटलेल्या दुधासारखे गाठीगाठीचे होतात. बाहेरून बाटली भरलेली दिसते. म्हणून एकेक उघडून कागदावर ओढून बघायचं, जे नीट पसरतं तेच खोक्यात, बाकी सरळ कचऱ्यात. आणि तो रंग ओढलेला कागद फेकू नका, खोक्यावर चिकटवा, गिऱ्हाईकाला रंगही कळतात आणि वाळलेले नाहीत हेही कळतं. त्या एका कागदाने डॉलरभर जास्त मागता येतो.

आता लोकर. लेबलसकट अख्खा गुंडा असेल तर सोपं आहे, रेड हार्टसारखी साधी अ‍ॅक्रिलिक असेल तर दीड-दोन डॉलर. त्याच रंगाचे तीनचार गुंडे असतील तर अजिबात सुटे विकायचे नाहीत, लेबलवरचा डाय लॉट नंबर, म्हणजे एकाच वेळी रंगवल्याची खूण, जुळतोय का बघायचा आणि जुळत असेल तर सगळे एका पिशवीत घालून पिशवीवर 'स्वेटरला पुरेल' किंवा 'बेबी ब्लँकेट' असं लिहायचं, कारण विणणाऱ्या बाईला अर्ध्यात लोकर संपायची धास्ती असते आणि एकाच लॉटची पुरेशी लोकर मिळाली की ती थोडे जास्त देते. सुटे उरलेले गोळे मात्र किचनच्या वजनकाट्यावर ठेवा. १०० ग्रॅमला अ‍ॅक्रिलिक १ डॉलर आणि खरी लोकर ३, हा माझा हिशोब. खरी की खोटी कळत नसेल तर दोन इंच धागा चिमट्यात धरून सिंकवर जाळून बघा, खरी लोकर केस जळल्यासारखी वास मारते, आपोआप विझते आणि राख चुरडली जाते, अ‍ॅक्रिलिक वितळून कडक मणी होतो. आणि लोकरीला कसर लागलेली असेल तर फुकटसुद्धा देऊ नका, दुसऱ्याच्या कपाटात जाईल. डांबरगोळ्यांचा वास असेल तर दोनतीन दिवस उन्हात नाही, सावलीत वाऱ्यावर टाका.

भरतकामाच्या दोऱ्याचं गणित मात्र उलटं आहे. डीएमसी कंपनीच्या ८ मीटरच्या लडीला कागदी पट्टी असते आणि पट्टीवर नंबर, आणि क्रॉसस्टिचचे पॅटर्न त्या नंबरावरच चालतात. नंबर शाबूत असलेली लडी म्हणजे सुटी विकायची वस्तू, २५ सेंटला एक किंवा डॉलरला पाच, ओळीने नंबरवार लावून. नवी लडी डॉलरच्या आसपास मिळते त्यामुळे याच्या वर जाऊ नका. नंबर हरवलेले, अर्धे वापरलेले दोरे सगळे एका पिशवीत, २ डॉलर, फ्रेंडशिप बँड करणाऱ्या पोरी घेतात. क्रॉसस्टिचचं किट अर्धवट असेल तर त्यावर स्पष्ट लिहा, काय आहे आणि काय नाही. न लिहिता विकलं तर पंधरा मिनिटांनी बाई परत दारात.

कापडाबद्दल जरा जास्त सांगते कारण सध्या त्यालाच उठाव आहे. २०२५ च्या मे अखेरीस कापड-क्राफ्टच्या दुकानांची साखळी असलेल्या जोअ‍ॅनची सगळी दुकानं बंद झाली, देशभर ८०० च्या आसपास होती, आणि बऱ्याच गावांत हात लावून बघून कापड घ्यायची तेवढी एकच जागा होती. त्यामुळे आता क्विल्ट, म्हणजे इथली गोधडी, करणाऱ्या बायका गराज सेलच्या पाटीवर 'फॅब्रिक' शब्द दिसला की गाडी वळवतात. या बायका तयारीच्या असतात. कापड उचलून आधी वास घेतील, सिगरेटचा किंवा कुत्र्यामांजराचा वास आला की संपलं. मग कापडाचं एक टोक नाकाशी धरून दुसरा हात लांब करून मापतील, नाकापासून बोटांपर्यंत साधारण एक वार भरतो, आणि तुम्ही चिठ्ठीवर ३ वार लिहिलंय आणि निघालं अडीच तर तुमच्या बाकी सगळ्या चिठ्ठ्यांवरचा विश्वास उडाला. म्हणून नीट मोजा. चिठ्ठीवर लांबी, पन्हा, सुती की पॉलिस्टर आणि धुतलेलं की नाही एवढं लिहायचं आणि ती टाचणीने नाही तर सेफ्टी पिनेने काठाला लावायची. क्विल्टचं चांगलं सुती कापड वाराला ३ डॉलर लावा, २ ला द्या. १८ बाय २२ इंचाचे तुकडे, ज्यांना फॅट क्वार्टर म्हणतात, ५० सेंटला, पण रंगसंगती जुळवून पाचसहा रिबिनीत बांधले तर ३ डॉलरला गठ्ठा पटकन जातो. अगदी चिंध्या गॅलनच्या झिपलॉक पिशवीत दाबून भरायच्या, २ डॉलर.

इथे आपल्याकडचं सामान विसरू नका. जुन्या साड्यांचे काठ, जरीच्या लेसा, कुंदन, आरसे, टिकल्या, हे आपण दोन डॉलरच्या डब्यात टाकून मोकळे होतो. साडीच्या सिल्कच्या पट्ट्या आणि त्याचा धागा इथे लोकरीच्या दुकानात चांगल्या भावाने विकला जातो, तेव्हा सिल्कचा काठ असेल तर तो वेगळा गुंडाळून 'साडी सिल्क, भारतातून' अशी इंग्रजीत चिठ्ठी लावायची आणि वारावर भाव लावायचा. गडद लाल-मरून रंग जातो का ते ओल्या पांढऱ्या रुमालाने घासून बघा आणि जात असेल तर तसं लिहा. रांगोळीचे रंग, छाप, गणपतीच्या डेकोरेशनच्या झालरी वगैरे मात्र गराज सेलला ठेवण्यात अर्थ नाही, ते मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ऑगस्टमध्ये टाका, तासाभरात जातात.

मशिनांचं वेगळं आहे. क्रिकटचं कागद-व्हिनाइल कापायचं मशीन विकताना आधी आपल्या अकाउंटमधून काढून टाका आणि जुनी डिझाइनची कार्ट्रिज असतील तर लक्षात ठेवा की एकदा एका अकाउंटला जोडलेलं कार्ट्रिज दुसऱ्याच्या अकाउंटला जोडता येत नाही, म्हणजे त्याची किंमत जवळजवळ गेलीच, हे घेणाऱ्याला आधी सांगा. मशीन प्लगला लावून चालू करून दाखवता येईल अशा जागी ठेवा, एक्स्टेन्शन कॉर्ड बाहेर काढा. चालताना दिसलेलं मशीन आणि 'चालतं हो' असं सांगितलेलं मशीन यांच्या भावात निम्म्याचा फरक पडतो. आणि घर घेताना बेसमेंटमध्ये काळी छोटी सिंगरची शिलाई मशीन आली असेल तर ती २० डॉलरला देऊन टाकायच्या आधी नंबर बघा, फेदरवेट २२१ निघाली तर ती चांगल्या अवस्थेत काहीशे डॉलरला जाते. अशा वस्तूंसाठी ईबेवर बघायचं, पण लोक काय मागतायत ते नाही, 'सोल्ड' फिल्टर लावून खरोखर कितीला गेली ते. जुने शिलाईचे पॅटर्न न कापलेले, फॅक्टरीची घडी असलेले असतील तर तेही तिथेच तपासा. कापलेले २५ सेंटला.

कात्र्या विकताना शेजारी चिंधी ठेवा, लोक टोकाने कापून बघतात, टोकाने कापते तीच चांगली. विणायच्या सुयांचे नंबर पुसले असतील तर मिलीमीटरमध्ये मोजून लिहा, अमेरिकन ८ नंबर म्हणजे ५ मिमी. कटिंग मॅट उन्हात तापलेल्या टेबलावर ठेवू नका, वाकतात, आणि वाकलेली मॅट कोणी घेत नाही. इपॉक्सी रेझिन उघडलेलं असेल, पिवळं पडलं असेल तर विकूच नये. शाईचे पॅड वाळलेले असतात, दाबून बघा. बटणं काचेच्या बरणीत भरून ठेवा, ३ डॉलर, यात मोजमाप वगैरे कोणी विचारत नाही, बरणी दिसायला छान असली की झालं.

भाव लिहिताना २५ सेंटच्या पटीतच ठेवा, १.३५ वगैरे नको, सुट्ट्यांचा घोळ होतो. गल्ल्यात १-१ च्या नोटा आणि क्वार्टर, म्हणजे २५ सेंटची नाणी, असे मिळून २५-३० डॉलर तरी हवेत, शिवाय पैसे घ्यायला व्हेन्मो-झेलचा क्यूआर कोड छापून टेबलाला चिकटवा. स्टिकर कापडावर आणि कागदावर थेट लावू नका, डाग राहतात, निळी पेंटर टेप बरी. ८ ची वेळ लिहिली असली तरी ७ ला माणसं येतातच, त्यातले काही पुढे विकायला घेणारे असतात, त्यांना पहिल्या तासात सूट द्यायची नाही. आणि कोणी, विशेषतः आपलेच देशी लोक, 'सगळं मिळून किती?' असं विचारतील तेव्हा चटकन आकडा सांगू नका, त्यांनी काय काय उचललंय ते बघून मोठ्याने बेरीज करा, १४ झाले, १० द्या. बेरीज ऐकली की १० त्यांनाही पटतात, नाहीतर तिथूनही घासाघीस सुरू होते. शेवटच्या तासाला किराणा दुकानाच्या पिशव्या ठेवा, भरेल तेवढं ५ डॉलर. मशीन, कापडाचे चांगले गठ्ठे आणि सिल्क त्याआधी आत नेऊन ठेवा.

उरलेलं सामान गुडविलसारख्या दान घेणाऱ्या दुकानाला द्यायच्या आधी गावात क्रिएटिव्ह रीयूज सेंटर, म्हणजे असं सामान पुन्हा वापरात आणणारी संस्था, आहे का बघा, सॅन फ्रान्सिस्कोत स्क्रॅप १९७६ पासून आहे, न्यू यॉर्कमध्ये मटेरियल्स फॉर द आर्ट्स आहे, ती शाळांना आणि संस्थांना सामान देते. आपल्या मराठी शाळेच्या बाईंनाही एक फोन करा, कागद आणि ग्लिटर त्यांना कायम हवंच असतं. बऱ्याच गावांत गराज सेलला टाउनशिपचं पर्मिट लागतं आणि एचओएचे, म्हणजे कॉलनीच्या सोसायटीचे, नियम वेगळे, ते आठवडाभर आधी विचारून घ्या. टॅक्सची काळजी नको, स्वतःची वापरलेली वस्तू घेतली त्याच्यापेक्षा कमीला विकली तर त्यावर इन्कम टॅक्स नाही. फेदरवेट मात्र १० डॉलरला घेतलेली असेल आणि ४०० ला गेली, तर तो फायदा धरला जातो, तेव्हा तेवढी पावती जपून ठेवा.